उत्तरेकडची जाळरेषा

सकाळी सव्वासहाला मी टेकडीचे खालचे फाटक उघडते. फिरायला येणारी पन्नासेक माणसे वर सोडते, कुत्र्यांना पट्टे आहेत ना ते पाहते, पाणवठ्यापर्यंत गस्त घालून साडेनऊला वनरक्षकाच्या चौकीत परतते. चहा होतो. खाटेवर पाठ टेकते. बाहेर कोणीतरी मोबाइलवर भजन लावून उतरत आहे; भजन दूर जाते, पावले मात्र जवळ येत राहतात.

दारात ढेबेमामा उभे आहेत. आमचे वनमजूर, मार्चच्या वणव्यात उत्तरेकडच्या उतारावर होरपळून गेले. अंगातला खाकी सदरा स्वच्छ धुतलेला आहे.

"उठा मॅडम," ते म्हणतात. "मेल्यावर मला बिडी वढायला शिकवलीत, आता काडीबी तुमीच द्या."

मामा जन्मभर तंबाखू मळत. धुराने त्यांना ढास लागे. तरीही 'मजुराच्या बिडीमुळे आग लागली' असा जबाब वनपाल इंगवल्यांनी लिहून काढला आणि बदलीच्या भीतीने मी त्याखाली सही केली. वणवा अडावा म्हणून गवत काढून जो मोकळा पट्टा ठेवतात, ती जाळरेषा उत्तरेला काढलीच नव्हती. कागदावर ती पूर्ण होती.

मामांच्या मागे मी पायवाट चढते. वाट कार्यालयाचा जिना होते. वर टेबलाशी इंगवलेसाहेब बसले आहेत. फायलींमधून, त्यांच्या बुटांमधून वाळके गवत उगवले आहे. त्यांना आम्ही दिसत नाही.

"पेटवा," मामा सांगतात.

"मामा, असं नका बोलू."

"का? आमची हिराबाई जिथं धुनीभांडी करती, तिथं तिला काय म्हनत्यात ठावं हाय? टेकडी जाळणाऱ्याची बायको. मला ह्याचं वाटुळं बघायचंय."

"मलाही बघायचंय." माझ्या आवाजातल्या गोडीने मीच दचकते. "पण आगीनं नाही. जे झालं ते लिहून देते. वर्दी उतरेल त्यांची."

"त्या आदल्या कागदावं सही कुनाची?"

"माझी."

मामा तळहातावरच्या तंबाखूला चुना लावत हसतात. "मंग तुमीबी जळनार की."

"हो."

"असं म्हना. मंग बराबर हाय." ते चिमूट दाढेखाली सारतात आणि त्या गवतात शिरतात. मी त्यांचा हात धरू पाहते. मुठीत गवतच येते.

जाग येते तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. उजव्या तळव्यात एक कुसळ खोल रुतले आहे. ओढून काढल्यावर रक्ताचा थेंब येतो. पाणवठ्याच्या वाटेवर कुसळीचे गवत नसते, एवढेच मला माहीत आहे.

मी कोरा कागद घेते. जाळरेषा काढली नव्हती, हे इंगवले यांना आणि मला ठाऊक होते. ढेबे बिडी ओढत नसत. पहिला जबाब खोटा आहे, सही माझी आहे. तीन वाक्ये तीनदा तपासते आणि दुपारी विभागीय कार्यालयाच्या आवक खिडकीत देते. कारकून वाचतो, चष्मा कपाळावर सरकवतो.

"मॅडम, यात तुमचंही नाव आहे."

"दोन्ही नावं नीट वाचता येतात ना?"

"येतात की."

"मग शिक्का मारा."

तो मारतो. माझ्या प्रतीची घडी घालून मी हिराबाईंच्या वस्तीकडे निघते.