सुन्सचे नातेवाईक

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी अणदूरहून शेजाऱ्यांचा फोन आला, शालनवहिनी गेल्या. अंगण झाडता झाडता ओट्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत… माझ्या दिवंगत थोरल्या भावाची ही बायको. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण एकदा मनात घेतलं की मागं हटायच्या नाहीत.

त्यांचा मुलगा सतीश नोकरीसाठी युरोपात लाटव्हियाला गेला, तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. नातवाला मराठी येईना. दर रविवारी फोनवर आजी-नातू नुसते एकमेकांकडं बघत राहायचे. एकदा वहिनींच्या मागं अंगणातला कुत्रा दिसला आणि पोरगं म्हणालं, "सुन्स." वहिनींना वाटलं, आपल्या आईला सून म्हणतोय. सतीश हसला. "तिकडं कुत्र्याला म्हणतात तसं. राहू दे आई, तुला न्हाय जमायचं."

दुसऱ्याच दिवशी त्या एसटीनं तुळजापूरला माझ्या दारात. "भावजी, तुम्ही जन्मभर संस्कृत शिकवलं. ह्या सुन्सचं आपल्यात कुणी नातेवाईक हाय का बघा."

मी सांगितलं, "कुत्रा हा शब्द त्याच्या नात्यातला नाही. पण संस्कृतातले श्वान, शुनक आहेत ना, ते आणि सुन्स एकाच जुन्या भाषेच्या घरातले. हजारो वर्षांपूर्वी ती भाषा बोलणारी माणसं पांगली, काही तिकडं गेली, काही इकडं आली. इंग्रजांचा हाउंडसुद्धा त्यातलाच."

वहिनी म्हणाल्या, "म्हंजी पोरगं परकं न्हाय."

तेव्हापासून त्या कुत्र्याला शुनक म्हणू लागल्या. गल्ली हसली, त्यांनी लक्ष दिलं नाही. उलट मलाच कामाला लावलं. देवाला तिकडं दिएव्स, मधाला मेदुस, असे शब्द आम्ही वर्षभर गोळा केले.

यंदाच्या हिवाळ्यात सतीश बायको-मुलाला घेऊन आला. पोरगं आईमागं लपलं. वहिनींनी हात पुढं केला नाही. कुत्र्याजवळ उकिडव्या बसून म्हणाल्या, "शुनक."

"सुन्स," आईमागून आवाज आला.

"शुनक."

"सुन्स."

थोड्या वेळानं तो त्यांच्या गुडघ्याला टेकून कुत्र्याला कुरवाळत होता.

दहावा झाल्यावर सतीश म्हणाला, "काका, घराला कुलूप लावू या." मी किल्ली मागून घेतली. आता दर रविवारी अणदूरला जातो. स्वयंपाकघरात चहाच्या डब्याला टेकवून वहिनी फोन उभा करायच्या, तसाच करतो. त्या डब्यावर त्यांच्या पिठाच्या बोटांचे ठसे आहेत, ते मी पुसलेले नाहीत. परवा फोनवर पोरगं माझ्या मागं बराच वेळ कुणाला तरी शोधत होतं. मग माझ्याकडं बोट करून त्यानं विचारलं, "तू?"

'तू' तिकडंही तूच आहे… एवढा जवळचा शब्द आमच्याकडून राहूनच गेला होता.

"व्हय," मी म्हणालो. "आता मी."