न्यार असेम्बो नावाची होडी

तलावाच्या काठावर ओलुओच माझ्या शेजारी बसून होड्या रंगवायचा. मी सुतार. फळ्या जोडून होडी पुरी केली, की ती त्याच्या ताब्यात द्यायची. त्याचं अक्षर पार किसुमू शहरापर्यंत ओळखीचं होतं. पिवळी अक्षरं, त्यांना निळी सावली, आणि एखाद्या अक्षराला शेपटी असली तर ती गळासारखी वळवलेली.

त्याच्या धाकट्या भावाची, ओगुटूची होडी मीच बांधली. तिचं नाव न्यार असेम्बो, म्हणजे असेम्बो भागातली लेक. त्यांच्या आईला सासरी सगळे याच नावानं हाक मारत. एका वादळात ती होडी पालथी होऊन काठाला लागली. ओगुटू नंतर लव्हाळ्यात सापडला. मागे त्याची बायको आवुओर आणि मुलगी अपोंडी राहिल्या. ती होडी पुन्हा पाण्यात न्यायला कुणी तयार होईना, तेव्हा मी तिच्या फळ्या सोडवून टाकल्या.

त्यानंतर वर्षभरानं नेकेसा काठावर आली. बुसियाकडची, लुह्या जमातीची पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली. तिला ओमेना या बारीक माशांच्या मासेमारीवर एक व्हिडिओ गेम करायचा होता. काळोखात दिवा लावून होडीत थांबायचं, वारा ओळखायचा, आणि उजाडताना होडी काठाला आणायची, एवढाच खेळ.

"मारामारी नाही?" ओलुओचनं विचारलं.

"नाही, काका."

"मग खेळणार कोण?"

"थोडे लोक खेळतील. मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये आपला तलाव येतच नाही. आला तरी त्यात सिंह पाणी पितो."

ओलुओच हसला आणि तिच्याबरोबर काम करायला लागला. होड्या रंगवून झाल्या की किसुमूला जायचा, तिच्या खोलीत बसून पडद्यावर तलाव रंगवायचा. काठावरचे लोक त्याला सोडत नव्हते. "काय रे, त्या डब्यातला मासा तळून खाता येतो का?" तो म्हणायचा, "तुझ्या जाळ्यात तरी कुठे काय येतंय?"

गेमचं संगीत करायला एक तरुण होता. परदेशातल्या एका कंपनीनं खर्च उचलायचं कबूल केलं होतं. गेम निम्मा झाला आणि त्या कंपनीनं कळवलं, की लहान गेम काढायचं काम आम्ही बंद करतोय, हल्ली ते परवडत नाही. संगीतवाला नैरोबीला नोकरी धरून निघून गेला. नेकेसा दिवसा एका बँकेसाठी काम करायला लागली आणि उरलेल्या वेळात दोघांनी मिळून गेम पुरा केला.

त्यात एक होडी न्यार असेम्बो होती. जशी माझ्या हातून गेली तशीच, तिच्या नाकावरच्या खाचेसकट. ओलुओचनं नेकेसाला एकच अट घातली होती, की गेममध्ये कुणी बुडायचं नाही. वारा फार वाढला तर होडी आपोआप घराकडे वळेल.

गेम इंटरनेटवरच्या दुकानात आला, त्याच दिवशी तिथे इतके नवे गेम आले की आमचा कुठच्या कुठे खाली गेला. ज्यांनी घेतला त्यांनी चांगलं लिहिलं. पण ते फार थोडे होते आणि सगळे लांबचे. तो कॉम्प्युटरवरच चालायचा, आणि आमच्या काठावर कॉम्प्युटर कुणाकडे?

पुढच्या कोरड्या दिवसांत एका दुपारी आवुओर माझ्या शेडमध्ये आली. ती बाजारात तळलेले मासे विकते. तिच्या हातात फोन होता. ओलुओच ब्रश धूत होता.

"भाऊजी, हे तुम्ही केलंत?"

फोनवर एक फुकटचा गेम होता. तलाव, दिवे, होड्या. सगळं ओलुओचच्या चित्रांवरून कुणीतरी मशिनकडून करून घेतलेलं. बाकी होड्यांवरची अक्षरं नुसती वेडीवाकडी, कुठल्याच भाषेतली नव्हती. एका होडीवर मात्र स्पष्ट न्यार असेम्बो, आणि ती गळासारखी शेपटी.

ओलुओचनं फोन हातात घेतला. गेममधल्या पाणघोड्यानं धडक दिली, होडी उलटली, माणूस हात हलवत पाण्यात गेला आणि टिंगल केल्यासारखा आवाज झाला. मग अक्षरं आली. माणूस परत हवा असेल तर जाहिरात पाहा.

"मी पाहिली," आवुओर म्हणाली. "दुपारी गिऱ्हाईक नसतं. पुन्हा पुन्हा पाहिली. प्रत्येक वेळी तो वर यायचा."

ओलुओचनं फोन तिला परत दिला.

"अपोंडीची आई, हे माझं नाही," तो म्हणाला. "माझं चोरून केलंय."

"मग तुमचं दाखवा."

दुसऱ्या दिवशी नेकेसा कॉम्प्युटर घेऊन आली. आवुओरनं ओलुओच सांगेल तशी बोटं चालवत दिवा लावला, थांबली. वारा सुटला. होडी हळूच वळली आणि उजाडताना काठाला लागली. ती बराच वेळ त्या काठाकडे बघत राहिली.

"छान काढलंय," ती म्हणाली. "पण हेही खोटंच आहे, भाऊजी. तुम्हाला तसं व्हायला हवं होतं म्हणून तुम्ही काढलंत. मला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

"नाव काढा त्यावरचं."

ओलुओचनं लगेच होकारार्थी मान हलवली. नेकेसा मात्र अडून बसली. "काकी, आत्ता नको. आपण त्या चोरांविरुद्ध तक्रार करणार आहोत. ते नाव काकांच्या हातचं आहे, तोच आपला पुरावा. आपल्याच गेममधून काढलं तर आपलं आहे हे दाखवायचं कशावरून?"

आवुओरनं विचार केला. घरी गेली आणि एक फोटो घेऊन आली. नवी होडी, तिच्या नाकावर हात ठेवून उभा असलेला ओगुटू, बाजूला रंगाचा डबा घेतलेला ओलुओच. कडेला माझं कोपर दिसतं.

"हा तक्रारीला लावा," ती म्हणाली. "आधी तिकडून नाव काढायला लावा. मग इथून."

नेकेसानं फोटो जोडून तक्रार पाठवली. बरेच दिवस उत्तर नाही, मग एकदाचा तो गेम दुकानातून गेला. त्या दिवशी आवुओरनं आम्हा सगळ्यांना मासा आणि मक्याच्या पिठाची उगाली जेवायला घातली. ओलुओच जेवला, हात धुतले, आणि नेकेसाच्या कॉम्प्युटरवर न्यार असेम्बोच्या अक्षरांवर फळीचा तपकिरी रंग ओढला. मी बाजूलाच होतो. शेपटीचं अक्षर त्यानं सगळ्यात शेवटी झाकलं.

महिना झाला नसेल, तोच गेम दुसऱ्या नावानं पुन्हा आला. तेच पाणघोडे, तोच आवाज, तीच होडी. नेकेसानं परत तक्रार केली. तो गेला, तिसरा आला. ती म्हणते, आता कोण करतंय तेही कळत नाही, आणि करायला त्यांना एक दुपार पुरते. तरी ती दर वेळी तक्रार पाठवते आणि दर वेळी ओगुटूचा फोटो जोडते. आवुओरनं स्वतःच्या फोनवरचा तो गेम पुसून टाकलाय. बाजारात दुसरं कुणी तो खेळत असेल तर ती उठून पलीकडे जाऊन बसते.

नेकेसा-ओलुओचचा गेम अजून दुकानात आहे. अधूनमधून कुणीतरी घेतं. रविवारी नेकेसा येते आणि ओलुओच तिच्याबरोबर नव्या गेमची तयारी करतो. या वेळी गेम फोनवर चालेल असा करायचाय आणि बाजारावर आहे. त्यातली मासे विकणारी बाई कशी बसते, कशी बोलते, हे दोघं आवुओरला आधी विचारून घेतात. ती त्यांच्या बऱ्याच चुका काढते.

मागे कुठल्याशा लांबच्या देशातून एकानं लिहिलं होतं. "सगळ्या होड्यांना नावं आहेत, मग या एकीलाच का नाही? पूर्वी होतं असं मला आठवतं."

"काय उत्तर देऊ, काका?" नेकेसानं विचारलं.

ओलुओच माझ्या नव्या होडीला रंगाचा पहिला हात देत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"लिही," तो म्हणाला, "घरच्यांनी परत मागून घेतलं."