येणाऱ्यासाठी गोधडी

सातपूरच्या आमच्या शाळेत एखाद्या शिक्षिकेला दिवस गेल्याची बातमी फुटली की निकमबाई अभिनंदन करत नसत. कापड मागत. "घरात कोण कोण आहे? प्रत्येकाचं एकेक आण. वापरलेलं, धुतलेलं, सुती. जरीचं नको, बाळाला टोचतं." एवढं बोलून त्या पुन्हा वह्या तपासायला लागत.

मग मोकळ्या तासाला, खिडकीजवळच्या खुर्चीत, गोधडी वाढायला लागे. आजोबांचं धोतर, आत्याची ओढणी, काकाचा चौकड्यांचा शर्ट. केशरीशेजारी हिरवा, हिरव्याशेजारी जांभळा, आणि सगळ्यांवरून बाईंचा बारीक धावदोरा. कोणाची सासू निरोप धाडी, "मुलगाच होणार, निळं जरा जास्त घाला." कोणी हौसेनं गुलाबी कापडांचा ढीग आणून ठेवी. बाई त्यातलं एखादंच घेत आणि बाकीचं परत करत. "येणाऱ्याला येऊ दे. तू मुलगाच का, मुलगीच का, असं त्याला दारातच नको विचारायला." हे त्या इतक्या कोरडेपणानं म्हणत की पुढे कोणी वाद घालत नसे.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या घरात त्या एकट्याच राहत. धाकटा भाऊ पुण्याला असे. शाळेत त्या कोणाशी भांडत नसत आणि कोणाशी फारशा बोलतही नसत. डबे उघडले की आम्ही सगळ्या एका टेबलाभोवती बसायचो. बाई आपला डबा खिडकीत ठेवून, बाहेर बघत जेवायच्या. सुरुवातीला आम्ही बोलवायचो. नंतर सवय झाली.

माझी वेळ आली तेव्हा मी सासरची कापडं नेऊन दिली. बाईंनी ती उलगडून बघितली आणि विचारलं, "माहेरचं कुठंय?"

"मला माहेर नाही, बाई."

"गेले का आईवडील?"

"आहेत. येवल्याला. लग्नापासून बोलत नाहीत." मी जातीबाहेर लग्न केलं होतं आणि आप्पांनी मला दार बंद केलं होतं.

"पत्ता दे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, पत्र वगैरे लिहितील. बाई रविवारी एसटीत बसून सरळ येवल्याला गेल्या. सोमवारी प्रार्थना संपल्यावर त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली. आत आईची हिरवी साडी होती.

"दार तुझ्या आईनंच उघडलं," बाई सांगू लागल्या. "मी म्हटलं, समजूत घालायला आलेली नाही, कापड न्यायला आलेय. तुमच्या लेकीला बाळ होणार आहे. तिनं अंगणातल्या दोरीवरून ही साडी ओढली आणि म्हणाली, 'ह्येच घ्या. मऊ हाय. तिला लहानपनापासून लय थंडी वाजती. आन मी रडले म्हनून सांगू नका तिला.'" मग बाई म्हणाल्या, "सांगू नका म्हणाली होती. पण तुला कळायला हवं, असं मला वाटलं."

"आणि आप्पा?"

"घरातच होते. पाठ फिरवून बसले. नाही दिलं त्यांनी काही."

"मग त्यांची जागा?"

"गोधडी कोणासाठी जागा धरून ठेवत नाही, पोरी. मिळालं ते जोडायचं."

मी त्या साडीत तोंड खुपसून रडले. बाईंनी पाठीवर हात फिरवला नाही. त्यांनी फक्त आपली खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि घंटा होईपर्यंत दाराकडे कोणी आलं की "नंतर या" म्हणत राहिल्या.

मला मुलगी झाली. तिला घेऊन मी एकदा त्यांच्या देवळालीच्या घरी गेले. सगळं स्वच्छ, लख्ख. पलंगावर दुकानातलं करड्या रंगाचं ब्लँकेट. न राहवून मी विचारलं, "बाई, स्वतःसाठी नाही शिवलीत कधी?"

"गोधडीला माणसं लागतात," त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या. "इथं एकाच माणसाची कापडं."

निवृत्तीनंतर त्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं आणि भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी फोन करायची. "इथं सगळं आहे," असं त्या म्हणत, आणि त्यापुढे काही बोलत नसत. मी माझ्या मुलीचं, शाळेचं सांगत राही. मग एके दिवशी भावाचाच फोन आला. ताई गेली, अस्थी गोदावरीत सोडायला नाशिकला येतोय, ती तुमचं नाव घ्यायची म्हणून कळवतोय.

नदीवर भाऊ, त्याची बायको आणि मी, एवढेच होतो. विधी उरकल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. केस पिकलेला तो माणूस बराच वेळ हातातला ओला टॉवेल पिळत होता.

"मला तिनंच मोठं केलं," तो म्हणाला. "पण तिला काय आवडायचं म्हणून कोणी विचारलं, तर मला सांगता यायचं नाही. तुम्हाला माहितीये?"

मी आठवून म्हटलं, "बाळाला गोधडीवर पहिल्यांदा ठेवतात ना, ते बघायला यायच्या. ज्यांना ज्यांना शिवून दिली, त्या सगळ्यांकडे. पण उंबऱ्याबाहेरूनच बघायच्या. आत या म्हटलं तरी येत नसत."

त्याच्या हातातला टॉवेल थांबला.

"ताईच्या वेळी आईनं गोधडी शिवली होती," तो म्हणाला. "मुलगाच होणार म्हणून, निळी. ताई झाली तेव्हा ती ट्रंकेत ठेवून दिली. माझ्या वेळी काढली. ताई तेव्हा एवढीशी होती, दारात उभी राहून बघत होती म्हणे. आई हे हसून सांगायची. आम्हीही हसायचो."

त्यानं टॉवेलची घडी करून मांडीवर ठेवली.

"मला काय कळतंय तेव्हा?" तो म्हणाला. "मी तिच्यात गुंडाळलेला."