पाचव्या दिवसाचं दुखणं

आमच्या घरात पाळीला पाळी कोणी म्हणत नसे. "अडचण आली" म्हणत. माझं माहेर हमरापूरचं आणि घरातच गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पुढची ओटी, मधली खोली आणि अंगणावर ओढलेली ताडपत्री. अडचण आलेल्या बाईने मूर्तीला हात लावायचा नाही, रंगाच्या वाटीलाही नाही. चार दिवस मागच्या पडवीत बसून साच्यात घालायचा काथ्या पिंजायचा, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन परत कामाला लागायचं. आता या शिवाशिवीवर मी तावातावाने भांडते, पण खरं सांगते, तेव्हा मला ते चार दिवस आवडायचे. पोटाशी उशी घेऊन वाकडंतिकडं बसलं तरी कोणी हटकत नसे.

वांधा होता तो पाचव्या दिवसाचा. मला तेव्हाही दुखायचं. सातव्या दिवशी दुखायचं, बाराव्या दिवशी दुखायचं, शौचाला बसलं तर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण चार दिवस संपले की दुखणं संपलं, हा घरचा कायदा. गणपती तोंडावर आलेले, ओळीने मांडलेल्या मूर्तींचे डोळे आखायचे बाकी, आणि मी कंबर धरून भिंतीला टेकलेली. आमच्यात डोळे रेखण्याला आखणी म्हणतात. आईची आखणी अशी, की एकदा टेकवलेला ब्रश बुबुळ पुरं झाल्याशिवाय उचलायची नाही. माझ्याकडे न बघताच ती म्हणायची, "चार दिस झाले ना गो? आता काय नाटक हाय?"

मीही काही गरीब गाय नव्हते. मी एक बोलायचे, ती दोन बोलायची. पण मनातून मला तिच्याकडून औषध नको होतं, काढा नको होता. तिने एकदा ब्रश खाली ठेवून माझ्याकडे बघावं आणि म्हणावं, "खरंच दुखतंय गो तुला." एवढंच. ही आस माझी लग्नानंतरही सुटली नाही. रोह्याला माझ्या भरल्या घरात, नवरा कंपनीत शिफ्टला गेला की मी पालथी पडून राहायचे आणि आईनेच यावं असं वाटायचं. वयाच्या चाळिशीत आईसाठी रडणं बरं दिसत नाही, पण मी रडले आहे.

डॉक्टर पुष्कळ झाले. सगळे विचारायचे, "किती दिवस दुखतं?" आणि मी सांगायचे, "चार." मी खोटं बोलत नव्हते. बाकीच्या दिवसांचं दुखणं मी दुखण्यात धरतच नव्हते. कधी कंबर भरलेली असायची, कधी गॅस, कधी उष्णता. मग डॉक्टर चार दिवसांच्या गोळ्या देत. सुरुवातीला एकदा सोनोग्राफी केली तर स्वच्छ. मूल झालं नाही. त्यावर इतरांनी इतकं बोलून ठेवलंय की मी इथे काही लिहीत नाही.

शेवटी पेणच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या "चार"वर विश्वास ठेवला नाही. म्हणाल्या, "कॅलेंडर घ्या. कंबर, पोट, मांडी, काहीही दुखलं की त्या तारखेवर ठिपका. नाव देऊ नका, नुसता ठिपका." महिना संपल्यावर बघितलं तर कोऱ्या तारखा नऊच. मी तो कागद पर्समध्ये घालून पेणच्या एसटीत बसले. कोलाड सोडलं, खांब गाव आलं, प्रत्येक खड्ड्याला पोटात कळ येत होती, आणि पहिल्यांदाच मला त्या कळेचा राग आला नाही. आता तिला कागदाचा पुरावा होता.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तेव्हा कळलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसंच काहीतरी माझ्या पोटात बाहेर वाढलं होतं, बीजकोशावर आणि मागे आतड्याजवळ. दर महिन्याला तेही सुजायचं, पाझरायचं, आणि त्या रक्ताला बाहेर यायला वाट नाही. मग आतल्या आत सगळं एकमेकांना चिकटत गेलेलं. बीजकोशातल्या गाठीला, आत साकळलेलं रक्त चॉकलेटी दिसतं म्हणून, चॉकलेट सिस्ट म्हणतात, हे ऐकून मला हसू आलं. टाके दुखले म्हणून आवरलं. जेवढं काढता आलं तेवढं काढलं, पुढे हार्मोनच्या गोळ्या, आणि तरी परत उद्भवू शकतं, हेही बाईंनी साफ सांगितलं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. ते नीट म्हणायलाच मला दोन दिवस लागले.

टाके दाखवायला गेले तेव्हा आई हमरापूरहून रिक्षा करून आली होती. मी सांगितलं नव्हतं. नवऱ्याने फोन केला असणार. सत्तरी उलटलेली, नखांत अजून रंग. डॉक्टरांसमोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आत सुरू झाली, "ही कैऱ्या लय खायची, बाई. अडचणीत थंड पाण्यानं आंघोळ करायची. मी सांगायची, पण ऐकलं नाय."

बाई म्हणाल्या, "कैऱ्यांचा काही संबंध नाही, मावशी. नक्की कशामुळे होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. पाळीचं रक्त उलटं पोटात जातं, असं एक मत आहे, पण तेवढ्याने उत्तर मिळत नाही. कधी कधी घराण्यात असतं. तुम्हाला होता का असा त्रास?"

मी आईकडे बघितलं. ती नाही म्हणणार याची मला खात्री होती.

"होता," आई म्हणाली. "हिच्यापेक्षा जास्त. उभं राहवायचं नाय." मग खुर्ची पुढे ओढून, "मग मला तेच होतं काय, बाई?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता सांगता येणार नाही, मावशी. पाळी गेली की बहुतेकींचं शांत होतं. तेव्हा तपासलं असतं तर कळलं असतं."

"म्हणजे आता कळायचं नाय."

"नाही."

आईने मान हलवली आणि पदर सारखा केला. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. माझी फाइल तिने मांडीवर घेतली होती. तिला वाचता येतं, पण अक्षरं इंग्रजी होती. तिने विचारलं, "कुठं लिवलंय नाव?" मी बोट ठेवून दाखवलं. ती त्या शब्दावरून बोट फिरवत राहिली.

"खरंच दुखत होतं गो तुला," ती म्हणाली. "मला ठावं होतं. मी म्हणायची, मी सोसलं, ही पण सोसंल."

जे ऐकायला मी इतकी वर्षं झुरले ते हे होतं, आणि मला ते धड घेताही आलं नाही, कारण ती अजून फाइलीकडेच बघत होती.

"तुझ्या दुखण्याला नाव तरी हाय," ती म्हणाली. "माझं नुसतंच दुखलं."

मी तिला विचारलं, "कुठं दुखायचं गो, आई?" तिने आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं, माझा हात धरला, आणि लुगड्यावरून तिच्या पोटावर डाव्या बाजूला खाली नेऊन ठेवला.