टेबलकाकांची टीम

टेबलकाका कोणासाठीच टाळी वाजवत नसत. आरतीला वाजवायचे तेवढीच, तीही ठेक्यापुरती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणाची मुलगी सुंदर नाचली की सगळा हॉल टाळ्या वाजवायचा आणि काका हात पाठीमागे बांधून नुसती मान हलवायचे. नवीन माणसाला वाटायचं, काय खडूस म्हातारा आहे. पण गोष्ट वेगळी होती. आम्स्टरडॅमच्या एका व्यावसायिक बास्केटबॉल टीमच्या सामन्यांना ते बावीस वर्षं गुणलेखक म्हणून बसले होते, आणि त्या टेबलावर बसणाऱ्याने कोणाच्याही बास्केटला टाळी वाजवायची नसते. "टेबलाला बाजू नसते," असं ते सांगायचे. शनिवार-रविवारचा हा नियम त्यांनी बाकीच्या पाच दिवसांनाही लावून टाकला होता.

आम्स्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला, आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे पुण्याचे. कॉलेजात असताना गुडघा जाईपर्यंत बास्केटबॉल खेळलेले. इथे एका मालवाहतूक कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात धाकटी बहीण होती, ती दर आठवड्याला फोन करून "दादा, आता ये ना परत" म्हणायची. काका म्हणायचे, "सीझन संपू दे." ही टीम होती तोवर त्यांचा सीझन कधी संपलाच नाही.

माझी त्यांची खरी ओळख पहिल्या लॉकडाउनमध्ये झाली. माझं स्लोटरडाइकचं ऑफिस बंद होऊन एका खोलीत आलं होतं. मी एकटी राहायचे. दिवसभरात तोंडातून निघणारं वाक्य म्हणजे "माझी स्क्रीन दिसतेय का?" आणि तेही इंग्रजीत. एके दिवशी बेल वाजली. दार उघडलं तर उंबऱ्यावर डबा, आणि चार पायऱ्या सोडून मास्क लावलेले काका उभे.

"साबुदाणा जास्त भिजला गं. खाशील ना?"

मी हो म्हटलं आणि मला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत कोणी मला "खाशील ना" असं विचारलं नव्हतं. काकांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि जिना चढून गेले. पुढे उन्हाळा सरल्यावर सामने पुन्हा सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा ते पुन्हा आले. टेबलावरच्या त्यांच्या दोन्ही डच सोबत्यांनी सत्तरी ओलांडलेली, डॉक्टरांनी त्यांना घराबाहेर पडायला मनाई केली होती.

"वृषाली, तुला चोवीसपासून उलटे आकडे मोजता येतात का?"

"येतात की. का?"

"मग उद्यापासून ट्रेनिंग. शॉट क्लॉक तुझा."

चेंडू ताब्यात आल्यावर चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो, आणि ते सेकंद मोजणारं घड्याळ चालवायला एक माणूस लागतो. असा माझा आयुष्यात पहिल्यांदा खेळाशी संबंध आला.

प्रेक्षकांना बंदी होती. रिकाम्या हॉलमध्ये सामना म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. बुटांचा करकर आवाज, चेंडूचा दणका, कोचच्या शिव्या, सगळं स्वच्छ ऐकू यायचं, आणि बास्केट झाली की त्यावर एक टाळीही यायची नाही. त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टाय घालून बसायचे. पहिल्या दिवशी मी घरातल्या ट्रॅक पँटमध्येच गेले होते. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "आज चालेल." पुढच्या आठवड्यात मी सहा महिन्यांनी पहिल्यांदा कपड्यांना इस्त्री केली.

त्यांच्या खिशात दोन लाल आणि दोन निळी पेनं असत. गुणपत्रिकेवर पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने लिहायचा, दुसरा आणि चौथा निळ्या. सामना संपला की शेवटच्या आकड्याखाली दोन जाड रेघा, त्याही पट्टीने. एकदा अगदी शेवटच्या क्षणाला आमच्या टीमची बास्केट झाली. एका गुणाने सामना जिंकला असं वाटून खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागले. पंच टेबलाकडे आले. काका शांतपणे म्हणाले, "बझर वाजला तेव्हा चेंडू हातात होता." सामना गेला. सहा फूट नऊ इंचांचा कॅप्टन आमच्यासमोरून निघून गेला, मान वळवली नाही. काका रेघा मारत राहिले. पुढच्या शनिवारी मात्र त्याच कॅप्टनने कॉफीचा कप आणून मुकाट्याने त्यांच्यापुढे ठेवला, आणि घरी जाताना काका सायकलवर चक्क गुणगुणत होते.

मे महिन्यात बातमी आली. प्रायोजक गेला होता, खेमेंटेचा, म्हणजे पालिकेचा, हॉल परवडत नव्हता, आणि रॉटरडॅमने नवा हॉल देऊ केला होता. टीम जाणार. नाव बदलणार, जर्सीचा रंगही बदलणार. हे सगळं काकांना स्वयंसेवकांसाठीच्या एका सामायिक ईमेलमधून कळलं.

"खेळाडू जातात, ते मी समजू शकतो," ते माझ्या दारात उभं राहून म्हणाले. "दर वर्षी जातातच. पण आख्खी टीम जाते म्हणजे काय? मग मी बावीस वर्षं कोणाचं लिहीत होतो?"

मी चहा टाकला.

दोन दिवसांनी ते ताजेतवाने होऊन आले. ते रॉटरडॅमला जाऊन आले होते. गाडी कुठे बदलायची, मेट्रोच्या कोणत्या दारातून बाहेर पडलं की हॉल जवळ पडतो, सगळं कागदावर लिहून आणलं होतं. हॉल बंदच होता, बाहेरून बघून आले. "दाराला दार सव्वा तास. काहीच नाही गं. पुण्यात लोक हडपसरहून हिंजवडीला जातात." मग आम्ही दोघांनी मिळून ईमेल लिहिला: मी प्रत्येक सामन्याला येईन, स्वतःच्या खर्चाने येईन, मला फक्त टेबलावर जागा हवी. डच वाक्यं मी नीट केली. आणि आता खरं सांगायचं तर, ते लिहिताना मी मनातून नकाराची वाट बघत होते. ते रॉटरडॅमला गेले असते तर माझे शनिवार-रविवार पुन्हा त्या एका खोलीत गेले असते.

नकार आला. फार सभ्य होता. नव्या शहराचे स्वतःचे स्वयंसेवक आहेत, तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल मनःपूर्वक आभार. काकांनी मला तो दोनदा वाचायला लावला. मी चेहरा गंभीर ठेवून वाचला. मला बरं वाटलं होतं, आणि त्याची आजही लाज वाटते.

सप्टेंबरमध्ये टीम आमच्या जुन्या हॉलमध्ये परत आली, एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी, आमच्याच भागातल्या एका हौशी क्लबविरुद्ध. टेबलावर क्लबने काकांना आणि मला बोलावलं. ते तासभर आधी जाऊन बसले. गुणपत्रिकेत डावीकडे, वर, यजमान टीमचं नाव येतं आणि त्याखाली पाहुण्यांचं. काकांनी सुवाच्य अक्षरात दोन्ही टीमच्या सगळ्या खेळाडूंची नावं लिहिली आणि कागद सहीसाठी हौशी क्लबच्या कोचपुढे सरकवला. ती जेमतेम पंचवीस वर्षांची मुलगी. तिने बघितलं आणि हसून म्हणाली, "सर, यजमान आम्ही आहोत ना?"

काकांनी रॉटरडॅमच्या टीमला यजमानांच्या जागी लिहिलं होतं.

त्यांनी नवा कागद घेतला, पुन्हा सगळं लिहिलं. सामना नीट झाला, एकही आकडा चुकला नाही, दोन रेघाही सरळ आल्या. मग त्यांनी चारही पेनं माझ्यासमोर ठेवली.

"इथून पुढे शीट तू लिही."

"काका, एवढंसं तर झालं. कोणाकडूनही होतं."

"माझ्याकडून नाही होत. मी इतकी वर्षं समजत होतो की मला बाजू नाही." त्यांनी पट्टीही पेनांशेजारी ठेवली. "होती. चांगली मोठी होती."

ते पुन्हा त्या हॉलमध्ये आले नाहीत.

मग तो दुसरा हिवाळा आला. पुन्हा दुकानं बंद, पुन्हा प्रेक्षक बंद, दुपारी चारलाच दिवे लावायचे. मी ठरवलं, या माणसाला एकटं सोडायचं नाही. रविवारी तीन वाजता मी त्यांना खाली बोलवायचे. पोहे किंवा शिरा करायचे आणि लॅपटॉपवर रॉटरडॅमचा सामना लावायचे. ते खुर्ची थोडी लांब ओढून बसायचे. "कॅमेऱ्यात टेबल येतच नाही," एवढीच त्यांची तक्रार असायची. बहिणीचा फोन आला की उठून खिडकीपाशी जायचे, हळू आवाजात बोलायचे. मला वाटायचं, बरं झालं मी आहे, नाहीतर यांचं काय झालं असतं? मैत्रिणींनाही मी फोनवर तसंच सांगायचे, थोडं मोठेपणानेच.

वसंतात सगळं उघडलं, माझं ऑफिसही. आठवड्यातून तीन दिवस मी स्लोटरडाइकला जाऊ लागले, दुपारचं जेवण लोकांबरोबर जेवू लागले. दुसऱ्याच आठवड्यात काकांनी तिकीट काढल्याचं सांगितलं. पुण्याला, कायमचं. मी म्हटलं, "इतकं अचानक?"

"अचानक कुठे? बहिणीने माझी खोली मागच्या जूनमध्येच रंगवून ठेवलीय. टीमचा तो नकाराचा ईमेल आला त्याच आठवड्यात तिला येतो म्हणून सांगितलं होतं मी."

"मग गेला का नाहीत?"

याचं उत्तर मिळालं ते निघायच्या दिवशी, टॅक्सी खाली येऊन उभी होती तेव्हा. काकांनी बॅगेची चेन उगीचच पुन्हा उघडून लावली.

"हिवाळा यायचा होता ना, आणि तू एकटी होतीस."

टॅक्सी वळून दिसेनाशी झाली तरी मी फुटपाथवर उभीच होते. सगळा हिवाळा मी समजत होते की मी त्यांना सोबत करते आहे.