शेवटचा दाणा

आमचे हे घरोघरी जाऊन माशांच्या काचेच्या टाक्या साफ करतात. मासा आजारी पडला आणि औषधांनी गुण आला नाही, की त्यांचा नियम ठरलेला. समोर एक दाणा टाकायचा. तोंड लावलं तर अजून थांबायचं, नाही लावलं तर वाडग्यात लवंगतेल घालून त्याला कायमचं शांत झोपवायचं. "जिवंतच कमोडमध्ये सोडा," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची ते बिनपाण्याने करतात.

आणि आमचा नऊ वर्षांचा गोल्डफिश आठवडाभर कुशीवर पडून धापा टाकतोय, तर हे नुसतं पाणी बदलत बसलेत.

"दाणा टाका," मी म्हटलं.

"उद्या."

"चार दिवस तुमचा उद्याच चाललाय. लोकांना शहाणपण शिकवता, आणि घरच्याचे हाल बरे बघवतात?"

ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी मीच दाणा टाकला. तो माशाच्या ओठांना लागून तळाशी गेला.

"खाल्ला का गं?"

मी लवंगतेलाच्या बाटलीचं झाकण उघडलं. वास भिंतीपर्यंत पोचला, तसे त्यांचे खांदे पडले.