उस्तादांची मुलगी गाडीखाली

उस्तादांची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेला माणूस. आता दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत राहायचे. त्यांची जुनी गाडी मुलगी चालवायची. ती इस्पितळात नर्स होती.

एका दुपारी ती कामावरून आली, तशी उस्तादांनी मान वळवली.

"मागून रडतेय गाडी. कधीपासून?"

"महिना झाला असेल. चालतेय ना बाबा, चालू दे."

"एखाद्या वळणावर मागची चाकं जाम झाली की कळेल. डिफरन्शियल गेलंय, मागची चाकं फिरवणारा तो गिअरांचा गोळा."

त्यांच्या हाताखाली तयार झालेले कितीतरी जण एका फोनवर धावत आले असते. पण उस्तादांना कुणाची कीव नको होती. "आपण दोघं बदलू," ते म्हणाले.

मुलीला आश्चर्यच वाटलं. लहानपणी तिनं पान्याला हात लावला की हेच बाबा अंगावर ओरडायचे, "ते बायकांचं काम नाही!" ते तिच्या मनातून कधी गेलंच नव्हतं.

भंगारातून तशाच गाडीचं डिफरन्शियल मिळालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवली. उस्तादांनी स्वतः गाडी हलवून पाहिली, मगच तिला खाली जाऊ दिलं. काळं तेल निघालं. ते त्यांनी बोटांत चोळलं, लोखंडाचा चुरा लागला. "दात झिजलेत."

दोन्ही अ‍ॅक्सल बाहेर आले, इंजिनाकडून येणारा शाफ्ट सुटला. शेवटचा नट निघाला आणि तो जड गोळा खाली लावलेल्या जॅकवरून घसरला. तिनं दोन्ही हातांनी तो कसाबसा अडवून धरला.

"बाबा!"

उस्ताद चाचपडत गाडीखाली शिरले, आडवे झाले, तिच्या हातांखाली आपले हात घातले. दोघांनी मिळून तो हळूहळू जमिनीवर टेकवला. मग दोघं दम खात तिथंच पडून राहिली.

"तुला तेव्हा ओरडायला नको होतं मी," उस्ताद म्हणाले.

"काही लागेल म्हणून भीती वाटायची का?" तिनं त्यांना सबब पुरवली.

"नाही गं. भीती कसली? चुकलंच माझं."

"हो, चुकलंच," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "नवं पॅकिंग कसं बसवायचं, सांगा."

दुसरं डिफरन्शियल चढवायला संध्याकाळ झाली. भरायच्या भोकातून बाहेर येईपर्यंत तेल भरायला लावूनच उस्ताद मागच्या सीटवर बसले. गावाबाहेर जाऊन परतेपर्यंत ते मागचा आवाज ऐकत राहिले. दारात उतरताना म्हणाले, "बारीकसा सूर आहे. पण ही आता दगा देणार नाही."

पुढच्या सुट्टीला त्यांनी तिला ब्रेक खोलायला लावले. त्यानंतर क्लच. दीड वर्षानं उस्ताद गेले, तोवर गाडीतला एकही नट तिच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिला नव्हता.